मेले म्हणून फुगले, की फुगले म्हणून मेले?

सोमवारी टी. वाय.च्या प्रॅक्टिकलला पेट्रीडिशचं झाकण उचललं आणि कळून चुकलं की आज काही दिसणार नाही. मेंढीच्या कलेजीतून काढलेले यकृतकृमी, मुलांच्या भाषेत लिव्हर फ्लूक, पिंपळाच्या सुकल्या पानासारखे चपटे आणि तपकिरी असायला हवे होते. ते पुरीसारखे फुगले होते. कडा पांढुरक्या पडलेल्या, त्वचेवर फोड आलेले. शेजारच्या डिशमधला फीतकृमी तर उरलाच नव्हता. त्याचे सुटे सुटे पांढरे चौकोन गढूळ पाण्यात पडून होते. आम्हाला त्या दिवशी जिवंत कृमीच्या अंगात ज्वालापेशी, म्हणजे त्याच्या उत्सर्जन संस्थेतल्या ज्योतीसारख्या लहरणाऱ्या पेशी, फडफडताना बघायच्या होत्या.

जंत आणले होते प्रयाग चिखलीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने. कोल्हापुरात रविवार म्हणजे मटण. त्यामुळे रविवारी सकाळी लवकर दुकान गाठलं की हा माल ताजा मिळतो. दुकानातल्या मामांना जंतांची शास्त्रीय नावं ठाऊक नाहीत, पण कुठे काय सापडतं ते त्यांना तोंडपाठ. कलेजीच्या नळ्यांत चपटं, वजडीच्या आतल्या बाजूला चिकटलेलं लालसर दाण्यासारखं, आतड्यात लांब पांढरी फीत. त्यांनी तिन्ही काढून दिले. तिने ते घरी नेले, स्वच्छ धुतले, नळाच्या पाण्यात घातले आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले.

“मॅडम, पाणी एकदम स्वच्छ हुतं. उकळून गार केल्यालं. खरं फुगलं कशानं ते कळंना.”

वर्गात लगेच तीन मतं झाली. प्रयोगशाळा सहायकांच्या मते रात्रभरात कुजले. एका मुलाला वाटलं की फ्रिजच्या थंडीने गारठून मेले आणि मेल्यावर फुगले. आणखी एक म्हणाली, दुकानातच मेले असतील, आपण उगाच पाण्याला दोष देतोय. कुणाचंही म्हणणं टाकाऊ नव्हतं. मेलेलं जनावर फुगतं हे खेड्यातल्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे फळ्यावर मी एकच प्रश्न लिहिला: मेले म्हणून फुगले, की फुगले म्हणून मेले?

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण सांगते. गेली कित्येक वर्षं मी मुलांना “जंत ताजे आणा” एवढंच सांगत आले. कशात आणा, हे सांगितलंच नाही. त्या एका न सांगितलेल्या वाक्यात या विषयाचं बरंचसं मर्म होतं.

पुढच्या रविवारी

पुढच्या रविवारी दोन मुलांना घेऊन मी स्वतः दुकानात गेले. बरोबर एक थर्मास होता. त्यात ०.९ टक्के मिठाचं पाणी, म्हणजे १०० मिलिलिटर पाण्याला ०.९ ग्रॅम मीठ, साधारण ३८ अंशांना गरम केलेलं. मामांनी आमच्यासमोर कलेजी चिरली. पित्तनलिका सुरीला करकर लागत होत्या, भिंती जाड झालेल्या. त्या नळ्या दाबल्या तसे एकेक फ्लूक घसरून बाहेर आले. थर्मासमध्ये पडल्यावरही ते अंग आखडत, ताणत हलत राहिले.

कॉलेजात आल्यावर तीन बीकर केले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात ०.९ टक्के मीठ, तिसऱ्यात त्याच्या दुप्पट मीठ. तिन्ही एकाच गरम पाण्याच्या टबात, म्हणजे थंडीचा मुद्दा निकालात निघाला. प्रत्येक फ्लूक टिपकागदावर अलगद टिपून, वजन करून, बीकरमध्ये सोडला. ठरावीक वेळाने पुन्हा तेच. पहिला ताससुद्धा पूर्ण व्हायची गरज पडली नाही. नळाच्या पाण्यातले फ्लूक काट्यावर जड होत गेले, आणि महत्त्वाचं म्हणजे जड होताना ते हलत होते. चूषक, म्हणजे चिकटून राहायची तोंडं, उघडत मिटत होते. हालचाल मंदावली ती अंग टम्म झाल्यावर. दुप्पट मिठातले फ्लूक उलट सुरकुतले, कडा आत वळल्या. मधल्या बीकरमधल्यांच्या वजनात डोळ्यात भरेल असा फरक पडला नाही.

फळ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ते जिवंतपणीच फुगले आणि त्यानंतर मेले. कुजणं नंतर आलं.

वजडीवरचे लाल दाणे, म्हणजे पॅरॅम्फिस्टोम, मात्र नळाच्या पाण्यात बराच वेळ तग धरून होते. हे कृमी जाड, मांसल, शंकूच्या आकाराचे असतात. चपट्या फ्लूकच्या मानाने त्यांच्या शरीराला पृष्ठभाग कमी. शिवाय ते राहतात ती जागाही चढउतारांची आहे. मेंढीने वैरण खाल्ली की पोटातल्या द्रवाची संहती, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, वाढते, पाणी प्यायली की उतरते. सवयीचा भाग किती आणि आकाराचा किती, हे आमच्या तीन बीकरवरून ठरवता येणार नाही. मला स्वतःला आकाराचा भाग मोठा वाटतो.

मिठाचा हिशेब

०.९ टक्के हा आकडा दवाखान्यातल्या सलाइनच्या बाटलीवरही असतो. एका लिटरमागे ९ ग्रॅम मीठ. त्याचे विद्राव्य कण मोजले तर सुमारे ३०८ मिलिऑस्मोल (असे कण मोजायचं एकक) भरतात. मेंढीचं, म्हशीचं, माणसाचं रक्तही ३००च्या आसपासच असतं. यकृतात तयार होणारं पित्त रक्ताशी समसंहत असतं, म्हणजे त्यातही कण तेवढेच. पित्ताशयात त्यातलं पाणी शोषलं जाऊन ते घट्ट होतं, तरीही ते समसंहतच राहतं, कारण पित्तक्षार एकत्र येऊन गुच्छ करतात आणि एक गुच्छ एका कणासारखा वागतो. म्हणजे पित्तनलिकेत राहणारा फ्लूक आयुष्यभर अशा पाण्यात डुंबलेला असतो, ज्याचा खारटपणा त्याच्या अंगातल्या द्रवाशी जुळतो. हा मेळ राखण्याचं काम मेंढीची मूत्रपिंडं करतात.

नळाच्या पाण्यात क्षार नगण्य. आत ३००, बाहेर जवळजवळ शून्य. त्वचेतून क्षार अजिबात सुटू दिले नाहीत असं धरलं, तर या फरकातून उभा राहणारा परासरण दाब, म्हणजे कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे त्वचेतून शिरणाऱ्या पाण्याचा दाब, सुमारे साडेसात वातावरण भरतो, म्हणजे ७५ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाखालचा दाब. प्रत्यक्षात क्षार सुटतात, त्वचा ताणते, दाब इतका चढत नाही. पण पाणी कोणत्या दिशेने आणि किती नेटाने आत शिरेल ते या आकड्यावरून समजतं. त्यात फ्लूकचा आकार पानाचा. आपल्याकडे गुराढोरांत, शेळ्यामेंढ्यांत प्रामुख्याने फॅसिओला जायगँटिका ही जात सापडते. तिची लांबी अडीच ते साडेसात सेंटिमीटर आणि जाडी अगदीच थोडी. अन्नाचे रेणू त्वचेतूनही शोषायला हा आकार उत्तम. पण गोड्या पाण्यात पडल्यावर हेच सगळं अंग पाण्याला मोकळं दार होतं.

मग ज्वालापेशी काय करत होत्या?

वर्गात हा प्रश्न विचारला तो फुगलेले जंत आणणाऱ्या मुलीनेच. तिने जर्नल उघडून दाखवलं. “चपट्या कृमींमध्ये उत्सर्जन व परासरण नियमन ज्वालापेशींद्वारे होते.” मीच लिहून दिलेलं वाक्य, दोन गुणांचं. परासरण नियमन म्हणजे अंगातल्या पाण्याचा आणि क्षारांचा समतोल राखणं.

ज्वालापेशी म्हणजे नळीच्या टोकाला बसलेली एक पेशी. तिच्यातून केसासारख्या पक्ष्माभिकांचा जुडगा नळीत लोंबतो आणि सतत लहरतो. सूक्ष्मदर्शकात ते देव्हाऱ्यातल्या समईच्या ज्योतीसारखं थरथरताना दिसतं, त्यावरून नाव पडलं. पेशी आणि नळी जिथे एकमेकींना भिडतात तिथे बोटांत बोटं गुंफावीत तशी जाळी असते. पक्ष्माभिका लहरल्या की नळीत पाणी पुढे सरकतं, मागे दाब कमी होतो आणि आजूबाजूच्या ऊतीतला द्रव त्या जाळीतून गाळून आत ओढला जातो. मोठी प्रथिनं मागे राहतात. पुढे नळ्यांच्या भिंती त्या द्रवातलं काही परत घेतात, काही त्यात टाकतात. फ्लूकमध्ये अशा असंख्य बारीक नळ्या मिळून एक मधली मोठी नळी होते आणि ती शरीराच्या मागच्या टोकाला एका छिद्राने बाहेर उघडते. फीतकृमीत दोन्ही कडांनी लांबच लांब नलिका धावतात. प्रत्येक खंडाच्या मागच्या भागात त्यांना जोडणारी एक आडवी नलिका असते. शेवटचे खंड गळून पडतात तेव्हा त्या नलिकांची तोंडं तिथेच उघडी पडतात.

ही यंत्रणा रंकाळा तलावाच्या काठच्या दगडाखाली सापडणाऱ्या प्लॅनेरिया या परजीवी नसलेल्या चपट्या कृमीतही असते. प्लॅनेरिया गोड्या पाण्यात जन्मतो आणि तिथेच मरतो. त्याच्या अंगात पाणी अहोरात्र शिरत असतं आणि त्याच्या ज्वालापेशी ते अहोरात्र उपसत असतात. त्या बाबतीत “परासरण नियमन” हे शब्द शंभर टक्के खरे आहेत. पुस्तकांनी तेच वाक्य उचलून परजीवी चपट्या कृमींना लावलं आणि आम्ही शिक्षकांनी ते पिढ्यानपिढ्या लिहून दिलं. विहीर उपसायचा पंप आणि घरातलं सांडपाणी बाहेर काढणारी मोरी यांची रचना सारखी दिसली तरी काम वेगळं असतं. पूर्ण वाढलेल्या फ्लूकच्या ज्वालापेशी चयापचयातला उरलेला द्रव वाहून नेतात, पूर उपसण्याइतका त्यांचा आवाका नसतो. उंदराच्या आतड्यातल्या हायमेनोलेपिस डिमिन्युटा या फीतकृमीवर झालेल्या प्रयोगांत हेच दिसलं आहे. बाहेरचं द्रावण पातळ केलं तर त्याच्या अंगातलं द्रावणही पातळ होतं, घट्ट केलं तर घट्ट होतं. तो बाहेरच्याशी जुळवून घेतो, स्वतःचं वेगळं राखत नाही. त्याच्या नलिकांतला द्रव तपासला तेव्हा त्यात लॅक्टिक आम्ल, अमोनिया, युरिया अशा गोष्टी सापडल्या. पाण्याचा हिशेब त्याने यजमानावर सोडलेला असतो.

कचऱ्याचा मोठा भागही यजमानाच्याच अंगावर पडतो. परजीवी कृमी नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात टाकतात. अमोनिया विषारी. तो टाकायचा तर भरपूर पाणी हवं, आणि ते कृमीच्या भोवती असतंच. त्वचेतूनही तो सहज निघून जातो. आतड्यात पोहोचलेला अमोनिया रक्तातून मेंढीच्या यकृतात जातो, तिथे त्याचा युरिया होतो, आणि मेंढी तो लघवीवाटे टाकते. ग्लुकोज मोडून उरलेली आम्लंही अशीच बाहेर पडतात. फ्लूक अॅसेटिक आणि प्रोपिऑनिक आम्ल सोडतो. तो प्रोलिन नावाचं अमिनो आम्लही बरंच सोडतो आणि पित्तनलिकांच्या भिंती जाड होण्यात या प्रोलिनचा हात असल्याचं प्रयोगांतून पुढे आलं आहे. मामांच्या सुरीला करकर लागलेल्या त्या नळ्या आठवल्या. जंताने टाकलेल्या मालातून त्याच्या घराच्या भिंती उभ्या राहतात, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हाही थक्क करून गेलं होतं आणि कलेजी कापताना पुन्हा करून गेलं.

गोलकृमींबद्दल एक तातडीची दुरुस्ती

जर्नलं चाळताना आणखी एक चूक सापडली. निम्म्या मुलांनी अॅस्कॅरिस या आतड्यातल्या गोलकृमीच्या आकृतीतही ज्वालापेशी काढल्या होत्या. अॅस्कॅरिसमध्ये ज्वालापेशी नसतात. गोलकृमींच्या अंगात लहरणाऱ्या पक्ष्माभिका मुळी नसतातच. त्यांची उत्सर्जन संस्था वेगळ्या घडणीची आहे. अॅस्कॅरिसमध्ये शरीराच्या दोन्ही बाजूंनी लांब नलिका जातात, पुढे एक आडवा दुवा त्यांना जोडतो आणि ओठांच्या थोडं मागे, पोटाच्या बाजूला एक छिद्र. द्रव सरकतो तो अंगातल्या दाबाने आणि शरीराच्या हालचालीने. नायट्रोजनचा कचरा बराचसा आतड्यातून आणि शरीराच्या भिंतीतून जातो. पाणी मुबलक असताना अॅस्कॅरिस मुख्यतः अमोनिया टाकतो, पण पाणी तोडलं तर अमोनियाचं प्रमाण घटून युरियाचं वाढतं. पाण्याच्या टंचाईत जरा कमी विषारी माल करायचा, ही सोय त्याच्यात आहे.

त्यांच्या मातीत राहणाऱ्या अळ्या आणखी बोलक्या. उंदराच्या आतड्यात वाढणाऱ्या नायपोस्ट्रॉन्जिलसच्या अळीत उत्सर्जन छिद्राजवळ एक छोटी पिशवी असते, ती भरते आणि आकसून रिकामी होते. अळी शुद्ध पाण्यात ठेवली तर ठोके जलद पडतात, बाहेर मीठ वाढवत नेलं तर मंदावतात. पाणी आत शिरण्याचा वेग आणि ठोक्यांचा वेग यांचा हा उघड संबंध आहे. इथे पंप खराखुरा पंप म्हणून चालतो, कारण ही अळी अजून यजमानाच्या बाहेर आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आयव्हरमेक्टिन या औषधाच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं. हत्तीरोगाच्या ब्रुगिया मलायी या जंताच्या सूक्ष्म अळ्यांत हे औषध जिथे पकडतं ती प्रथिनाची वाहिनी उत्सर्जन पिशवीभोवतीच्या स्नायूत सापडली. औषध दिलं की त्या छिद्रातून बाहेर पडणारी प्रथिनं कमी होतात. म्हणजे या छिद्रातून कचऱ्याबरोबर यजमानाच्या प्रतिकारशक्तीला गुंगवणारा मालही जात असावा आणि तो थांबला की शरीर अळ्यांना ओळखून निपटत असावं. उत्सर्जन संस्था हा परीक्षेतला रटाळ धडा मानणाऱ्यांसाठी मी हे मुद्दाम शिकवते.

चिखलीची म्हैस

हे सगळं चालू असताना ती मुलगी एक दिवस प्रॅक्टिकलनंतर थांबली.

“मॅडम, आज्जा म्हणतोय म्हशीच्या गळ्याखाली पाणी उतरलंय. दूध बी कमी झालंय. ह्याच जंतानं आसंल काय?”

प्रयाग चिखली २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्याखाली गेलेलं गाव. पंचगंगेच्या काठची ओली गवताळ रानं, पावसाळा सरल्यावरही न आटणारी डबकी आणि त्यातल्या लिम्निया जातीच्या गोगलगायी हे फ्लूकच्या दृष्टीने भरलेलं घर. गोगलगायीत वाढून बाहेर पडलेल्या त्याच्या अळ्या गवतावर, पाणवनस्पतींवर कोश करून चिकटतात आणि त्या कोशांतून तो म्हशीच्या पोटात जातो.

जबड्याखालची ती सूज हीसुद्धा पाण्याच्या समतोलाचीच गोष्ट आहे, फक्त या वेळी म्हशीच्या बाजूने. मोठे फ्लूक पित्तनलिकेत रक्त पितात, भिंती खरवडतात, आणि रक्तातलं अल्ब्युमिन झिरपून जातं. केशवाहिन्यांमध्ये पाणी धरून ठेवणारं हेच प्रथिन. ते घटलं की पाणी ऊतींत उतरतं आणि मान खाली घालून चरणाऱ्या जनावरात ते जबड्याखाली साचतं. जंताच्या अंगात पाणी शिरलं ते क्षारांच्या फरकामुळे, म्हशीच्या गळ्याखाली उतरलं ते प्रथिनांच्या फरकामुळे. तिच्या वहीत या दोन आकृत्या शेजारी शेजारी काढून घेतल्या.

शेण तपासायचं ठरलं. तिने आधी पुस्तकातली तरंगण पद्धत केली. मिठाच्या संपृक्त द्रावणात शेण कालवलं, वर आलेला थेंब पाहिला. काहीच नाही. ती खूश झाली. मला मात्र ही पद्धत इथे चालत नाही हे माहीत होतं. गोलकृमींची अंडी हलकी, ती तरंगतात. फ्लूकची अंडी जड, त्यात संपृक्त मिठाने ती आक्रसून वेडीवाकडी होतात आणि ओळखूही येत नाहीत. तिसऱ्या बीकरमधले सुरकुतलेले फ्लूक आठवायला सांगितले, तिच्या लगेच लक्षात आलं. मग निवळण्याची पद्धत: शेण साध्या पाण्यात कालवायचं, गाळायचं, खाली बसू द्यायचं, वरचं ओतायचं, पुन्हा पाणी. शेवटी तळाच्या गाळात मिथिलिन ब्लूचा एक थेंब. निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी पिवळी अंडी स्पष्ट दिसली. सोबत काही रंगहीन अंडी होती, ती पॅरॅम्फिस्टोमची.

गावच्या पशुवैद्यकांना ती स्लाइड दाखवली. त्यांनी म्हैस तपासून ऑक्सिक्लोझानाइड या जंतनाशकाची मात्रा दिली. औषध द्यायच्या आधी आम्ही थोडं शेण बाजूला काढून ठेवलं होतं, कारण मला ती अंडी हवी होती.

पंधरा दिवस काळ्या कागदात

ज्वालापेशी बघायच्या तर मोठ्या फ्लूकमध्ये त्या शोधणं अवघड असतं. ऊती जाड, वर आतड्याच्या फांद्या आणि अंड्यांचे पुंजके. त्या नीट दिसतात पारदर्शक, चिमुकल्या अवस्थांत. फ्लूकच्या अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पहिल्या अळीत, म्हणजे मिरॅसिडियममध्ये, त्या फक्त दोन असतात, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. मोजायला याहून सोपं काय हवं.

अंडी कित्येकदा पाण्याने धुतली, शेणाचा कणही राहू दिला नाही, आणि साध्या पाण्यात पेट्रीडिशमध्ये ठेवून डिश काळ्या कागदात गुंडाळली. कार्तिकातलं कोल्हापूरचं हवामान त्याला मानवणारं असतं. एक दिवसाआड पाणी बदलायचं काम त्या मुलीने स्वतःकडे घेतलं. “मी बघतो मॅडम, रोज येतोच की मी,” म्हणाली, आणि दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा आली.

दोन आठवडे सरल्यावर एका सकाळी कागद काढला आणि डिश खिडकीजवळच्या उजेडात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. उजेड मिळाला की आतलं मिरॅसिडियम जागं होतं. अंड्याच्या टोकाला झाकण असतं आणि झाकणाच्या आत चिकट पदार्थाची एक गादी. मिरॅसिडियमच्या हालचालीबरोबर ती गादी पाणी शोषून फुगते. आत दाब वाढत जातो आणि झाकण उडतं. ज्या फुगण्याने मोठे फ्लूक पेट्रीडिशमध्ये मेले, तेच फुगणं पिलाला दार उघडून देतं. एकाच निसर्गनियमाचे हे दोन परिणाम मी एकाच महिन्यात, एकाच टेबलावर पाहिले.

असंच काहीसं शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिम्वी गावाशी जोडलेल्या परजीवीत घडतं. मूत्रमार्गात राहणाऱ्या शिस्टोसोमा या फ्लूकची नोंद तिथे १९५०च्या दशकात झाली आणि भारतात तो क्वचितच आढळतो. त्याची अंडी खारट लघवीत फुटत नाहीत. ती गोड्या पाण्यात पडून भोवतालचं मीठ पातळ झालं की मगच पिल्लू बाहेर येतं. म्हणजे मिठाची पातळी ही त्या अंड्याला मिळणारी खबर असते की आपण आता बाहेर आलो.

आमच्या डिशमध्ये पहिलं झाकण उडालं तेव्हा खोलीत आठ-नऊ जण होते. एक-षष्ठांश मिलिमीटरच्या त्या अंड्यातून मिरॅसिडियम लांबुळका होत बाहेर निसटला आणि पक्ष्माभिकांच्या जोरावर इतका सुसाट सुटला की दृष्टिक्षेत्रात ठरेना. स्लाइडवर थेंब घेतला, वर कव्हरस्लिप ठेवली आणि कडेने टिपकागदाने पाणी हळूहळू ओढून घेतलं, तेव्हा कुठे तो दबून मंदावला. ४० च्या लेन्सवर, प्रकाश बराच कमी करून, आधी डोळ्याचा काळा ठिपका दिसला. मग त्याच्या मागे दोन्ही बाजूंना बारीकशी थरथर. आधी वाटतं, आपल्याच पापणीची असेल. मग लक्षात येतं की ती थांबत नाही.

“दिसली मॅडम! दोन्हीकडं!”

तिच्यानंतर प्रत्येकाने पाहिलं. कुणी घाई केली नाही. प्रयोगशाळा सहायकही येऊन वाकले आणि बराच वेळ वाकूनच होते.

हा जीव गोड्या पाण्यात जन्मला होता, जिथे मोठ्या फ्लूकना तासभरही धडधाकट राहता आलं नव्हतं. तो काही खात नाही. साठवलेल्या ग्लायकोजनवर त्याला साधारण दिवसभराच्या आत गोगलगाय गाठायची असते. तोवर अंगात शिरणारं पाणी बाहेर काढण्याचं काम त्या दोन ज्योतींवर आहे. परासरण नियमन हे शब्द मला त्या क्षणी प्रथमच या प्राण्याच्या बाबतीत पूर्ण अर्थाने वापरता आले. जर्नलमधलं जुनं वाक्य मुलांनी खोडलं. नवं वाक्य मी लिहून दिलं नाही. प्रत्येकाने आपापलं लिहिलं, त्यातली काही माझ्या वाक्यापेक्षा लांबलचक होती, पण कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या पाण्यात हे सगळ्यांनी लिहिलं होतं.

म्हशीची सूज उतरत आल्याचं तिने पुढच्या आठवड्यात सांगितलं. डबक्याकाठचं गवत कापून आणण्याऐवजी आता वरच्या रानातली वैरण घालतात, पाणीही बोअरचं पाजतात.

त्या संध्याकाळी डिशमध्ये अजून पन्नासेक अंडी शिल्लक होती आणि काही मिरॅसिडियम पोहत होते. एका मुलाने डिश बेसिनमध्ये रिकामी करायला उचलली, तेव्हा तिनेच त्याचा हात धरला. आमच्या भागातलं सांडपाणी जयंती नाल्याला जातं आणि नाला पंचगंगेला. खालच्या अंगाला गावं आहेत, गावांत म्हशी आहेत. तिने गॅसवर बीकर ठेवला, पाण्याला खळखळून उकळी येईपर्यंत वाट पाहिली आणि डिश त्यात ओतली.